तहान लागण्याआधीची विहीर

पन्नाशीच्या आसपास दुसरी नोकरी शोधताना

नोकरीविषयीची आपली कल्पना बराच काळ एकाच साच्यातील होती. विसाव्या-बाविसाव्या वर्षी नोकरीला लागावे, तीस-पस्तीस वर्षे इमानेइतबारे सेवा करावी आणि अखेरच्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन घरी यावे. अनेकांच्या वाट्याला आजही असे आयुष्य येते आणि ते भाग्याचेच म्हटले पाहिजे. परंतु बँकेच्या शाखेत बसणाऱ्या आम्हा मंडळींना या साच्याबाहेरची माणसेही नित्य भेटतात. कारखाना दुसऱ्या राज्यात हलला, दोन कंपन्या एक झाल्या, नवी यंत्रणा आली आणि जुना विभाग बंद पडला, अशा एखाद्या कारणाने वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या किंवा बावन्नाव्या वर्षी हाती एक धनादेश आणि कार्यमुक्तीचे पत्र घेऊन ती समोर येतात. मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात असते, घरकर्ज निम्मे फिटलेले असते, आई-वडिलांचे औषधपाणी चालू असते. नव्या मालकाच्या दृष्टीने हे वय जास्त ठरते आणि निवृत्तिवेतनाच्या दृष्टीने कमी.

या वयात नवी नोकरी मिळते काय? मिळते. मात्र तिला वेळ लागतो, आणि तो वेळ काढण्याची सोय ज्याने आधी केलेली असते, त्यालाच मनाजोगे काम मिळण्याची शक्यता अधिक असते. ‘तहान लागल्यावर विहीर खणणे’ ही म्हण आपण सहज वापरतो. पन्नाशीतील नोकरीच्या शोधाला ती जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल. दिल्लीतील सरोजिनी नगर आणि तेथून जवळच असलेले एक शासकीय कार्यालय यांच्या उदाहरणाने या विषयाचा थोडा विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निवृत्तीची तारीख ठाऊक असलेली वसाहत

दक्षिण दिल्लीतील सरोजिनी नगर हे नाव बहुतेकांना तेथील स्वस्त कपड्यांच्या बाजारामुळे परिचित असते. सुटीच्या दिवशी तेथे पाऊल ठेवायलाही जागा नसते. परंतु या भागाची मूळ ओळख केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत अशी आहे. पूर्वी विनयनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वसाहतीला पुढे सरोजिनी नायडूंचे नाव मिळाले. महाराष्ट्रातून निरनिराळ्या मंत्रालयांत नोकरीस आलेल्या कुटुंबांनाही दिल्लीतील अशा वसाहतींनीच आसरा दिला. जुलै २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास मान्यता दिली. त्यांत सरोजिनी नगर होते आणि तेव्हापासून जुन्या बैठ्या क्वार्टरांच्या जागी उंच इमारती उभ्या राहू लागल्या.

या वसाहतीतील घर नोकरीबरोबर येते आणि नोकरीबरोबरच जाते. सेवानिवृत्त झालेल्या माणसास नियमाने ठरवून दिलेल्या काही महिन्यांत ते रिकामे करावे लागते. पगार, पद आणि पत्ता या तिन्ही गोष्टी जवळजवळ एकाच वेळी सुटतात. तथापि येथील रहिवाशाला एक मोठी सवलत असते. त्याला आपली तारीख ठाऊक असते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय १९६२ मध्ये ५५ वरून ५८ आणि १९९८ मध्ये ५८ वरून ६० झाले. म्हणजे नोकरीस लागलेल्या दिवसापासूनच शेवटचा दिवस कॅलेंडरवर दाखवता येतो. असे असूनही ‘पुढे काय’ हा प्रश्न घेऊन येणारे बहुतेक जण आम्हांला शेवटच्या सहा महिन्यांतच भेटतात.

यापुढे ही दिरंगाई अधिक महाग पडणार आहे. १ जानेवारी २००४ पासून केंद्रीय सेवेत आलेले नागरी कर्मचारी जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी राष्ट्रीय पेन्शन योजनेत आहेत. १ एप्रिल २०२५ पासून त्यांना एकीकृत पेन्शन योजनेचा पर्यायही उपलब्ध झाला. दोन्हींत किती वर्षे सेवा झाली आणि किती रक्कम साठली यांचा हिशेब आपला आपणच ठेवावा लागतो. गट ‘अ’ मधील अधिकाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत खाजगी व्यापारी आस्थापनेत नोकरी धरायची असेल, तर शासनाची पूर्वपरवानगी लागते.

रिंग रोडपलीकडचे कार्यालय

सरोजिनी नगरहून रिंग रोड ओलांडले की रामकृष्णपुरम लागते. लोक त्याला आर. के. पुरम म्हणतात. तेथील वेस्ट ब्लॉक चारमध्ये संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील पुनर्वसन महासंचालनालय आहे. सैन्यात ते ‘डीजीआर’ या संक्षिप्त नावाने प्रसिद्ध आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने हे कार्यालय अत्यंत महत्त्वाचे आहे. कारण उतारवयाकडे झुकलेल्या माणसाला दुसरी नोकरी मिळवून देणे हेच त्याचे काम.

सैन्य तरुण राहावे म्हणून जवानाला लवकर निवृत्त केले जाते. दरवर्षी सुमारे ६०,००० सैनिक सेवेतून बाहेर पडतात आणि त्यांतील बहुसंख्य ३५ ते ४५ या वयोगटातील असतात. (२०२२ पासून अग्निपथ योजनेखाली भरती झालेल्यांची गोष्ट निराळी, त्यांची मुदत चार वर्षांची आहे.) सातारा, कोल्हापूर, सांगली या जिल्ह्यांतील वाचकांना हे चित्र नवे नाही. चाळिशीतील हवालदार गावी परततो, निवृत्तिवेतन सुरू असते, पण मुले अजून शाळेत असतात आणि अंगात वीस वर्षे काम करण्याची ताकद असते.

या माणसासाठी शासनाने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. पहिली गोष्ट अशी की, तयारी निवृत्तीनंतर नव्हे तर निवृत्तीपूर्वी सुरू होते. सेवेच्या अखेरच्या काळात त्याला पुनर्वसन प्रशिक्षणास जाता येते. जवान आणि कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या अभ्यासक्रमांचे शुल्क शासन भरते, तर अधिकाऱ्यांच्या २४ आठवड्यांपर्यंतच्या व्यवस्थापन अभ्यासक्रमांचे ६० टक्के शुल्क शासन उचलते. दुसरी गोष्ट, लष्करातील कोणते काम नागरी जीवनातील कोणत्या कामाशी जुळते, याचे कोष्टकच तयार केलेले आहे. सिग्नलमधील माणूस दूरसंचार तंत्रज्ञ ठरतो, भांडार सांभाळणारा गोदाम व्यवस्थापनात बसतो. तिसरी गोष्ट, काही जागा त्याच्यासाठी राखून ठेवल्या आहेत. केंद्र सरकारच्या गट ‘क’ पदांत माजी सैनिकांना १० टक्के आरक्षण आहे. सार्वजनिक उपक्रमांत आणि राष्ट्रीयीकृत बँकांत गट ‘क’ साठी हे प्रमाण १४.५ टक्के असून त्यांतील ४.५ टक्के जागा अपंग माजी सैनिक आणि सैनिकांच्या अवलंबितांसाठी आहेत. वयाच्या अटीतून त्याची सैन्यातील सेवा आणि आणखी तीन वर्षे वजा केली जातात. मॅट्रिक झालेल्या आणि १५ वर्षे सेवा केलेल्या माजी सैनिकास, पदवीची अट असलेल्या ठरावीक गट ‘क’ पदांसाठीही पात्र मानले जाते. चौथी गोष्ट, नोकरी नको असेल तर स्वतंत्र व्यवसायाचे मार्ग आहेत. दिल्ली परिसरातील मदर डेअरीचे दूध बूथ आणि ‘सफल’ची भाजीपाल्याची दुकाने माजी सैनिकांना चालवावयास दिली जातात, हे रोज दूध आणणाऱ्या पुष्कळांना ठाऊकही नसते.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी सांगावयाचे तर, आपल्या भागाच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकाने नावनोंदणी केल्यास या व्यवस्थेशी त्याचा संबंध जोडला जातो.

या व्यवस्थेत त्रुटी नाहीत असे नाही. राखीव जागा भरतातच असे नाही आणि सुरक्षा रक्षकाचे काम हेच अनेकांच्या वाट्याला येते. परंतु तिच्यामागील विचार पक्का आहे. वय झालेल्या माणसाला नवे काम हवे असेल तर त्याला आधी वेळ द्या, त्याच्या जुन्या कामाचे नव्या भाषेत रूपांतर करा आणि तोपर्यंत घर चालेल एवढे उत्पन्न ठेवा. नागरी नोकरदारासाठी असे कार्यालय कोणत्याही चौकात नाही. म्हणून ही तीन कामे त्याने स्वतःच करावयाची आहेत.

गिरणगावाने मोजलेली किंमत

ही कामे कोणीच केली नाहीत तर काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. लालबाग, परळ ते भायखळा या पट्ट्यातील हजारो घरांत पगार येणे थांबले. आधी साठवलेले पैसे संपले, मग दागिने गेले, मग गावाकडील जमिनीवर कर्ज झाले. चाळिशी-पन्नाशीतील विणकर किंवा जॉबर जेव्हा नवे काम शोधू लागला, तेव्हा त्याच्याजवळ थांबण्याइतका एक आठवडाही उरलेला नव्हता. जे मिळेल ते धरणे भाग होते. कोणी भिवंडीच्या यंत्रमागावर कमी मजुरीत आणि कायमपणाच्या हमीशिवाय उभा राहिला, कोणी इमारतीच्या दारावर रखवालदार झाला, कोणी भाजीची पाटी घेतली, कोणी कोकणात वा घाटावर परतला. पुष्कळ घरे त्या काळात बायकांच्या खानावळीने आणि घरकामाने तगली.

त्यानंतर १९९० च्या दशकात स्वेच्छानिवृत्तीचा काळ आला. आर्थिक सुधारणांमुळे ज्यांच्या नोकऱ्या जातील त्यांच्यासाठी केंद्र सरकारने १९९२ मध्ये राष्ट्रीय नवीकरण निधी स्थापन केला. भरपाई देणे आणि नवे कौशल्य शिकवून पुन्हा कामाला लावणे, असे त्याचे उद्देश होते. प्रत्यक्षात निधीचा फार मोठा भाग स्वेच्छानिवृत्तीच्या भरपाईत खर्च झाला, पुनर्प्रशिक्षणाचा वाटा लहानच राहिला आणि २००० मध्ये तो निधी बंद करण्यात आला. पैसा आला, परंतु त्याच्याबरोबर पुढची वाट आली नाही. आयुष्यात प्रथमच हाती आलेली मोठी रक्कम घराची डागडुजी, लग्नकार्ये आणि जुनी देणी यांत किती लवकर संपते, हे गिरणगावातील जुन्या कुटुंबांना विचारावे.

आमच्या स्वतःच्या क्षेत्रातही असे घडून गेले आहे. २०००-०१ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना राबविली. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे ६० दिवसांचे वेतन, किंवा उरलेल्या सेवाकाळाचे वेतन, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती भरपाई म्हणून मिळणार होती. सुमारे एक लाख कर्मचाऱ्यांनी निवृत्ती पत्करली. मी सेवेत आलो तो त्यानंतर पुष्कळ वर्षांनी; परंतु ज्येष्ठ सहकारी त्या दिवसांबद्दल जे सांगतात, त्यात एक समान सूत्र आढळते. ज्यांनी विमा प्रतिनिधित्व, करसल्ला, पतसंस्थेचे हिशेब किंवा शिकवणी असे काहीतरी आधीच हाताशी ठेवले होते, ते पुढे स्थिरावले. ज्यांनी केवळ रकमेकडे पाहून अर्ज भरला, त्यांना दोन-तीन वर्षांतच चुकल्यासारखे वाटू लागले.

कायदा किती पाठीशी उभा राहतो?

अमेरिकेत १९६७ पासून असा कायदा आहे की, ४० वर्षांवरील उमेदवाराला केवळ वयामुळे नोकरी नाकारता येत नाही. जपानमध्ये कर्मचाऱ्याला ६५ व्या वर्षापर्यंत काम देण्याची तरतूद करणे मालकांवर बंधनकारक आहे आणि एप्रिल २०२१ पासून ही मर्यादा ७० पर्यंत नेण्याचा प्रयत्न करण्याची जबाबदारीही त्यांच्यावर टाकण्यात आली आहे. आपल्याकडे खाजगी क्षेत्रातील भरतीत वयावरून होणाऱ्या भेदभावास मनाई करणारा तसा सर्वसाधारण कायदा नाही. शासकीय नोकरीतील समान संधीबद्दल सांगणाऱ्या संविधानाच्या अनुच्छेद १६ मध्येही धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान इत्यादींचा उल्लेख आहे, वयाचा नाही. शासकीय सेवाप्रवेशाला तर वयाची स्पष्ट मर्यादाच असते. महाराष्ट्रात २०१६ पासून ती सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे आहे.

मात्र नोकरी गेल्यावर मिळणाऱ्या काही हक्कांची माहिती प्रत्येकाने ठेवावी. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेनुसार कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात, नेहमीच्या भरपाईखेरीज, अखेरच्या १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीतून ४५ दिवसांच्या आत जमा व्हावयास हवी. रक्कम लहान आहे. परंतु कामावरून काढलेल्या माणसाला नवे शिकावे लागते, हे तत्त्व कायद्याने मान्य केले, ही समाधानाची बाब आहे.

पैशाचे पहिले काम : वेळ विकत घेणे

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे वळू. फरिदाबादच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर असलेले एक मराठी गृहस्थ वयाच्या बावन्नाव्या वर्षी नोकरी गेल्यावर आमच्या शाखेत आले. ग्राहकाची माहिती गोपनीय ठेवणे आमचे कर्तव्य असल्याने पुढील आकडे बदलून दिले आहेत, हिशेबाचे तत्त्व मात्र तेच आहे. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ३९,००० रुपये, सेवा १८ वर्षे. ग्रॅच्युइटीचे सूत्र सर्वांना ठाऊक असावे : मासिक वेतनाला २६ ने भागावयाचे, १५ ने गुणावयाचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणावयाचे. त्याप्रमाणे त्यांना ४,०५,००० रुपये मिळाले. भरपाई आणि शिल्लक रजेचे ५,००,००० धरून एकूण ९,०५,०००. घरकर्ज ८,००,००० रुपये बाकी, त्याचा हप्ता १३,००० आणि घरखर्च ३२,०००.

“साहेब, आधी कर्ज फेडून टाका. डोक्यावर देणे असले की झोप लागत नाही हो,” असे ते म्हणाले. ही भावना मराठी मध्यमवर्गीय घरात सर्वत्र आढळते आणि तिच्याबद्दल आदरच वाटावा. परंतु कागद पुढे ओढून मी म्हटले, “काका, कर्ज फेडा, पण फेडल्यावर काय उरते ते आधी पाहू.” संपूर्ण कर्ज फेडले तर हाती १,०५,००० रुपये राहतात. दरमहा ३२,००० खर्च धरला तर ते जेमतेम सव्वातीन महिने पुरतात. कर्ज न फेडता हप्ता चालू ठेवला, तर दरमहा ४५,००० लागतात आणि तीच रक्कम वीस महिने पुरते. चौथ्या महिन्यात खिसा रिकामा झालेला माणूस जे पदरात पडेल ते काम स्वीकारतो. वीस महिने हाती असलेला माणूस दोन ठिकाणी नाही म्हणू शकतो.

शेवटी मधला मार्ग ठरला. एक वर्षाचा संपूर्ण खर्च, म्हणजे ५,४०,००० रुपये, बाजूला ठेवावयाचे. त्यांतील १,३५,००० बचत खात्यात आणि तेवढ्याच रकमेच्या तीन मुदत ठेवी : तीन, सहा आणि नऊ महिन्यांच्या. एकेक ठेव गरजेच्या वेळी मुदतपूर्ण होत जाते आणि मध्येच मोडावी लागत नाही. उरलेल्या ३,६५,००० रुपयांतून कर्जाचा काही भाग फेडून हप्ता कमी करून घेतला. व्यक्तीने घेतलेल्या, बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क आकारता येत नाही, हे अनेक ग्राहकांना ठाऊक नसते. या गृहस्थांना नवे काम मिळावयास अकरा महिने लागले. एका गोदामात, पूर्वीच्या सुमारे दोन तृतीयांश वेतनावर ते आज काम करीत आहेत आणि हप्ता एकदाही थकलेला नाही.

याच संदर्भात आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. भविष्य निर्वाह निधी हा हाताशी असलेला सर्वांत सोपा पैसा वाटतो, म्हणून त्याला सर्वांत शेवटी हात लावावा. यूएएन क्रमांकामुळे जुन्या नोकरीतील निधी नव्या नोकरीत वर्ग करता येतो. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत पेन्शनसाठी किमान १० वर्षांची सेवा लागते. आठ-नऊ वर्षे झालेली असताना पैसे काढून घेणारा माणूस आयुष्यभराचे पेन्शन गमावतो. हे पेन्शन ५० व्या वर्षापासून घेता येते, परंतु ५८ ला जितकी वर्षे कमी, तितक्या वर्षांमागे ४ टक्के कपात होते आणि ती कायमची असते. मालकाने काढलेला सामूहिक आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. म्हणून स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्यावी. ज्येष्ठ नागरिक बचत योजना ६० वर्षांवरील व्यक्तींसाठी असली तरी ५५ ते ६० वयात निवृत्त झालेल्यांना, निवृत्तीचे लाभ मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिच्यात ३० लाखांच्या मर्यादेपर्यंत, परंतु मिळालेल्या लाभांहून अधिक नाही इतकी, रक्कम ठेवता येते. निवृत्त सैनिकांना ही सोय ५० व्या वर्षापासून आहे.

शोध कसा घ्यावा?

पुनर्वसन महासंचालनालयाच्या कोष्टकाप्रमाणे प्रत्येकाने स्वतःचे एक कोष्टक करावे. एका बाजूला आपण रोज करीत असलेली कामे लिहावीत : मालाची आवक-जावक, पुरवठादारांशी वाटाघाट, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, कामगारांच्या पाळ्या लावणे. दुसऱ्या बाजूला ही कामे आणखी कोणत्या व्यवसायात लागतात ते लिहावे. ‘वरिष्ठ सहायक, २५ वर्षे’ असे अर्जात लिहिल्याने नव्या मालकाला काहीच कळत नाही. ‘तीन कोटींचा साठा सांभाळला, लेखापरीक्षणात तफावत निघाली नाही’ असे लिहिले की त्याला उपयोग दिसतो. पंचवीस वर्षांचा इतिहास चार पानांत न लिहिता अखेरच्या दहा-बारा वर्षांचे काम दोन पानांत मांडावे.

वय वाढलेल्या माणसाजवळ तरुणाहून एक गोष्ट निश्चित अधिक असते, ती म्हणजे ओळख. जुने पुरवठादार, ग्राहक, लेखापरीक्षक, दुसऱ्या कंपनीत गेलेले सहकारी यांनी आपले काम डोळ्यांनी पाहिलेले असते. नोकरी गेल्याची लाज वाटून माणसे नेमकी याच मंडळींपासून दूर राहतात. असे करू नये. काम मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे. मोठ्या कंपनीपेक्षा लहान कारखाने, शाळा, रुग्णालये, गृहनिर्माण संस्था आणि सहकारी संस्था येथे अनुभवी माणसाला अधिक वाव असतो. कारण तेथे एकाच माणसाला चार कामे यावी लागतात.

शासकीय मार्गही अजमावावेत. केंद्र सरकारचे राष्ट्रीय करिअर सेवा हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. महाराष्ट्रात ‘महास्वयं’वर नावनोंदणी करता येते. साठीनंतर काम करू इच्छिणाऱ्यांसाठी सामाजिक न्याय मंत्रालयाने १ ऑक्टोबर २०२१ रोजी ‘सेक्रेड’ हे स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केले. संगणकावर अर्ज भरणे, ऑनलाइन मुलाखत देणे आणि हिशेबाची एखादी प्रणाली चालविणे एवढे शिकून घ्यावे. मुलांकडून शिकण्यात कमीपणा मानू नये.

वेतनाबद्दल मन मोकळे ठेवावे, परंतु किमान आकडा घरात बसून आधीच ठरवावा. त्यासाठी पती-पत्नीने मिळून घरखर्चाचा ताळेबंद मांडणे आवश्यक आहे. अनेक घरांत नोकरी गेल्याची गोष्ट महिनोन्महिने मुलांपासून लपविली जाते आणि खर्च पूर्वीसारखाच चालू राहतो. सत्य सांगितल्यास महाविद्यालयात जाणारी मुले आपणहून हात आखडता घेतात, असाच आमचा अनुभव आहे.

सावध राहावे अशा दोन जागा

गरजू माणसाला हेरणारे लोक फार असतात. नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क किंवा अनामत म्हणून जो आधी पैसे मागतो, त्याच्याकडे नोकरी नसते, असे खुशाल समजावे. दुसरा प्रकार अधिक घातक आहे. ‘घरबसल्या काम, तुमच्या खात्यात आलेली रक्कम पुढे पाठवा आणि कमिशन ठेवा’ असे सांगून प्रामाणिक माणसाचे बँक खाते चोरीच्या पैशाच्या वाटेवर वापरले जाते. पोलीस तपासात प्रथम त्याच खातेदाराचे नाव पुढे येते आणि खाते गोठविले जाते. आपले खाते, एटीएम कार्ड, सिमकार्ड कोणत्याही ‘नोकरी’साठी कोणाच्या हाती देऊ नये. फसवणूक झाल्यास क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी आणि आपल्या शाखेस कळवावे.

हप्ता थकण्याची चिन्हे दिसताच बँकेला टाळण्याऐवजी शाखेत येऊन बोलावे. थकल्यानंतरच्या चर्चेपेक्षा थकण्यापूर्वीच्या चर्चेत उभय पक्षांना अधिक मार्ग उपलब्ध असतात.

वाचकहो, आपले वय आज चाळीस किंवा पंचेचाळीस असेल आणि नोकरी सुरक्षित असेल, तर हा लेख मुख्यतः आपल्यासाठीच आहे. येत्या रविवारी एक वही घ्यावी. एका पानावर वर सांगितलेले कामांचे कोष्टक लिहावे, दुसऱ्यावर घरातील एका वर्षाचा खर्च मांडावा आणि तिसऱ्यावर गरज पडल्यास ज्यांना फोन करता येईल अशा पंधरा माणसांची नावे लिहावीत. त्यानंतर त्या वर्षभराच्या खर्चाइतकी रक्कम जमविण्यासाठी एक आवर्त ठेव सुरू करावी. आपल्या शाखेतील कोणताही अधिकारी त्यासाठी दहा मिनिटे आनंदाने देईल.